गळणारं तळं

परसातल्या तळ्याची रील तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. एक माणूस अंगणात खड्डा खणतो, त्यात काळं जाड प्लास्टिक अंथरतो, कडेने गोटे रचतो, नळीने पाणी सोडतो, छोटा पंप बसवतो, आणि तिसाव्या सेकंदाला केशरी मासे फिरायला लागतात. या सगळ्यात कळीची वस्तू म्हणजे ते प्लास्टिक. त्याला एक भोक पडलं की खेळ संपला. तळं म्हणजे न गळणारा खड्डा, हे आपण धरूनच चाललो आहोत.

मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीपलीकडे, ही समजूत फार जुनी नाही. तिथे लोकांनी आपापल्या वाडीत, घराच्या मागे-पुढे पिढ्यान्‌पिढ्या तळी खोदली, आणि ती गळावीत म्हणून खोदली. त्यांना बावखल म्हणतात.

आधी जागा नीट समजून घेऊ. भाईंदर सोडून विरारकडे निघालेली लोकल खाडीच्या पुलावर चढते, पाणजू बेट मागे टाकते आणि नायगावला पोचते. अलीकडे मीरा-भाईंदर, पलीकडे वसई. पश्चिमेला, खाडीच्या मुखाशी, दोन किल्ले समोरासमोर आहेत. अलीकडे उत्तनजवळच्या चौक गावातला धारावीचा, पलीकडे वसईचा. (ही धारावी वेगळी, शीव-माहीमची वेगळी.) १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, त्याआधी या धारावीसाठी मराठे आणि पोर्तुगीज इतके का झगडले, हे तिथे उभं राहिलं की कळतं. समोर वसईची सगळी ये-जा दिसते. दोन काठ इतके जवळ आहेत. समुद्र तोच, पाऊस तोच. तरी दोन्हीकडच्या लोकांना दोन उलट्या प्रकारची तळी करावी लागली.

भाईंदरचं तळं म्हणजे मिठागर. मिठागराला आपण तळं म्हणत नाही, पण आहे ते तळंच. वीतभर खोल, चौकोनी, एकाला एक लागून पसरलेलं. उधाणाच्या भरतीला समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत उन्हाने आटवायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत आटत मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरायला लागतं. तोवर ते जमिनीत मुरलं, तर महिन्यांची मेहनत मातीत. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला खणाचा तळ पायांनी तुडवायचा, चोपायचा, पुन्हा तुडवायचा, असं करत तो फरशीसारखा कठीण करायचा. प्लास्टिक येण्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावरच्या माणसांना खड्डा न गळता कसा ठेवायचा हे पायांनी ठाऊक होतं. आगरी हे नावही आगरावरून, म्हणजे मिठाच्या शेतावरून आलं असं मानतात.

म्हणजे बावखलाचा तळ मोकळा राहिला तो कसब नव्हतं म्हणून राहिला नाही.

बाव म्हणजे विहीर. कोकणभर हा शब्द थोड्याफार फरकाने सापडतो, आणि गुजरातची पायऱ्यांची वाव त्याच घरातली. बावखल असतं वाडीत, बहुतेक वेळा विहिरीच्या शेजारी. कच्च्या, उतरत्या काठांचा खड्डा. त्याला बांधीव तळ नाही, चुन्याचा गिलावा नाही. पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यात उतरायचं. मग ते पाणी दोन वाटांनी जायचं. काही वर, म्हणजे शिंपण्याला, गुरं धुवायला, कपड्यांना. बाकीचं खाली.

खाली म्हणजे कुठे, ते समजल्याशिवाय बावखल समजत नाही.

समुद्राकाठी जमिनीखाली दोन पाणी असतात. पावसाचं गोडं पाणी मुरून खाली जातं आणि समुद्राकडून झिरपत आलेलं खारं पाणी त्याच्या खाली असतं. खारं पाणी थोडं जड, सुमारे अडीच टक्क्यांनी, म्हणून गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं. तेलाच्या तवंगासारखं म्हणता आलं असतं, पण तवंग वर असतो आणि हे बहुतांश खाली बुडालेलं असतं, हिमनगासारखं. १८८९ मध्ये एका डच लष्करी अभियंत्याने आणि १९०१ मध्ये एका जर्मन अभियंत्याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचा हिशेब मांडला. दोघांच्या नावांवरून त्याला गायबेन-हर्झबर्ग नियम म्हणतात. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं.

हे ऐकायला श्रीमंती वाटते. पण हिशेब उलटा वाचा. वरची पातळी एक फुटाने उतरली, तर खालून खारं पाणी ४० फूट वर सरकायला मोकळं होतं. प्रत्यक्षात मधे खडक येतो, भरती-ओहोटी असते, रेतीचे थर सारखे नसतात, त्यामुळे आकडे इतके सरळ चालत नाहीत. दिशा मात्र हीच. वसईच्या वाडीवाल्यांना ४० चा आकडा माहीत असण्याचं कारण नव्हतं. जास्त उपसलं की विहीर मचूळ होते, एवढं माहीत होतं, आणि केळीला आणि पानवेलीला मचूळ पाणी चालत नाही हेही.

त्यामुळे बावखल हा पाण्याचा साठा कमी आणि भरणा जास्त. एक साधं गणित करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे एक गुंठ्याच्या बावखलात, शेजारून एक थेंबही वाहून आला नाही असं धरलं तरी, नुसतं आभाळातून दोन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर. एका वाडीत, एका मोसमात, फुकट.

दुसरी गोष्ट उपशाची. वसईत पाणी वर यायचं ते रहाटाने. विहिरीवर उभं चाक, त्यावर मडक्यांची माळ, दात्यांनी जोडलेलं दुसरं आडवं चाक, आणि ते फिरवणारा बैल नाहीतर रेडा. मडकी खाली भरत जातात, वर रिकामी होत येतात, आणि सगळं यंत्र दिवसभर कुरकुरत राहतं. हे संथ काम आहे. जनावर दमतं, त्याला सोडावं लागतं, तेवढ्यात झऱ्यांतून पाणी पुन्हा चढतं. रहाटाचं कौतुक करताना आपण त्याच्या आवाजाबद्दल, जुन्या फोटोंबद्दल बोलतो. मला त्याचा संथपणा जास्त महत्त्वाचा वाटतो. बावखल जेवढं खाली सोडू शकतं त्याहून फार जास्त वर ओढण्याची ताकदच रहाटात नव्हती. ही जोडी कुणी कागदावर आखून बसवली नव्हती, पण ती जुळलेली होती.

त्या जोडीवर काय काय उभं होतं? १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीचं वर्णन आहे. ऊस, केळी, पानवेल. आगाशीची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, अजून मिळते. नंतर भाजी आणि फुलं आली. पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जाणारा वसईचा मोगरा आणि सोनचाफा मुंबईच्या कितीतरी देवघरांत पोचला. बोरिवली-दहिसरच्या बाजारात आजही बाई ‘वसईची भाजी’ असं ओरडून विकते, आणि त्यात दर्जाचा दावा असतो. हे सगळं त्या गोड्या पाण्याच्या पातळ थरावर.

बावखलाची देखभाल हा वेगळा विषय वाटेल, पण तसा तो वेगळा नव्हताच. गळणाऱ्या तळ्याचा शत्रू म्हणजे गाळ. बारीक माती, कुजलेली पानं, शेवाळ तळाशी बसत गेलं की तळ हळूहळू बंद होतो. म्हणजे बावखल स्वतःहून मिठागर व्हायला लागतं. उपाय एकच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळ काढायचा. हा गाळ फेकायचा नसतो, तो केळीच्या बुंध्याशी जातो, कारण वर्षभराचा पालापाचोळा त्यातच कुजलेला असतो. त्यामुळे ‘तळं साफ करा’ असा फलक लावण्याची वेळ कधी आली नाही. खत हवं होतं म्हणून तळं साफ व्हायचं. पाणी हवं होतं म्हणून काठ शाबूत राहायचे. पोरं पोहायला तिथेच शिकायची, म्हणून कुणाचं ना कुणाचं लक्ष असायचं.

मग इंजिन आलं. आधी तेलावरचं, नंतर विजेचा पंप. पंप दमत नाही. आणि पंप आला तसा विहिरीच्या पाण्याचा दुसरा उपयोग सुचला, तो म्हणजे विकणं. १९८०च्या दशकात वसईच्या विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जायला लागलं. केळीला पाणी घालून जेवढे पैसे मिळतात त्याहून जास्त पैसे नुसतं पाणी विकून मिळायला लागले, तेव्हा काय होणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. त्याच सुमारास, १९८८मध्ये, सरकारने वसईच्या पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामासाठी मोकळी करण्याचा निर्णय घेतला. या दोन्हींच्या विरोधात हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे सगळ्यांत ओळखीचे नेते. पुढे जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी वाचकाला ते ‘सुबोध बायबल’मुळे जास्त माहीत असतात, पण त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा मोठा भाग विहिरी, टँकर आणि बिल्डर यांच्यात गेला.

बावखलांचा घात मात्र आंदोलनाच्या घोषणांपेक्षा हळू आणि चोरपावलांनी झाला. गावतलाव सरकारी कागदावर असतो. तो बुजवायला निदान कुणाला तरी काही तरी करावं लागतं. बावखल बहुतेक ठिकाणी खासगी वाडीत. वाटण्या झाल्या, वाडी विकली गेली, रस्ता रुंद झाला, कुणी चार ट्रक भराव टाकला, आणि एका सुट्टीत तळं सपाट. त्याची नोंदच नव्हती, तर ते गेल्याची कुठून असणार?

आता खाडीच्या अलीकडे येऊ. पण त्यासाठी आधी दोन शहरांतून फिरून यावं लागेल, कारण मीरा रोडच्या सोसायटीत जे कारंजं दिसतं, ते वसईच्या बावखलाचं नातवंड नाही. त्याचं गोत्र वेगळं आहे.

पाणी दाखवण्याची हौस मराठी मुलखात पुण्याने केली. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं तळं बांधून तिथलं पाणी दगडी नळांतून शहरात आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर आणि शहर खाली, एवढ्याच भांडवलावर. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधले. ते पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं उडालं ते याच उंचीच्या फरकावर. हौद हा चिरेबंदी असतो. त्याला जमिनीशी काही देणंघेणं नाही. पाणी लांबून येतं, दगडात राहतं, पुढे जातं. पुण्यात आज फडके हौद, बदामी हौद ही नावं रिक्षावाल्याला सांगायला उरली आहेत. मुंबईतही तेच. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी. फोनवर नकाशा उघडा, ही सगळी नावं सापडतील, आणि एकाही ठिकाणी पाणी सापडणार नाही. १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आलं आणि शहरातल्या तळ्यांची गरज संपत गेली.

उरल्या विहिरी आणि बंगल्यांच्या बागांतले हौद-कारंजी. त्यांच्यावर वेगळंच संकट आलं.

१८९७मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. पुढचा प्रश्न होता, कोणता डास आणि तो राहतो कुठे. मुंबईचं उत्तर चमत्कारिक निघालं. हिवताप दलदलीचा रोग, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. मुंबईच्या भर वस्तीत दलदल नव्हती आणि ताप मात्र होता. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने १९०१मध्ये एका डासाचं वर्णन केलं होतं, अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी. हा डास चिखलात जात नाही. त्याला स्वच्छ, संथ पाणी लागतं. विहीर, टाकी, हौद, कारंजं. १९११मध्ये बेंटली या अधिकाऱ्याने मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला आणि बोट विहिरींकडे दाखवलं. बंद करा.

आता मुंबईकरांनी काय करावं? विहिरीचं पाणी पारशांना अग्यारीत लागतं, हिंदूंना पूजेला, जैनांना त्यांच्या आचाराला. नळाचं पाणी त्या कामाला चालेल का, यावरून मोठा वाद झाला. शेवटी कित्येक विहिरी बुजल्या, कित्येकांवर झाकणं आली, आणि मधला तोडगा म्हणून बारीक जाळीची, उघड-मीट करता येणारी झाकणं बसली. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर, १७२५ची, त्या सगळ्यातून तरली.

आरोग्य खात्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. माणसं मरत होती आणि डास खरोखर विहिरीत होता. हाच स्टीफन्सी २०१२मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि आता तिकडच्या शहरांना धास्ती घालतो आहे, म्हणजे बेंटलीची काळजी पोकळ नव्हती. पण त्या मोहिमेचा एक परिणाम कायद्यात मुरला. मुंबई महापालिकेच्या कायद्यात कलम ३८१-अ आहे. नवीन विहीर, तलाव, तळं, टाकी किंवा कारंजं आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणजे मुंबईत परसात तळं खोदणं ही हौस नाही, परवानगीची बाब आहे. मीरा-भाईंदरला हा कायदा लागू नाही. ती महापालिका २८ फेब्रुवारी २००२ला झाली आणि राज्याच्या दुसऱ्या कायद्याखाली चालते. पण मुंबईतून जे लाखो लोक दहिसर नाका ओलांडून तिकडे राहायला गेले, ते साचलेल्या पाण्याविषयीची मुंबईची भीती सोबत घेऊन गेले. साचलेलं पाणी म्हणजे डास. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.’ हे आपण सगळे शाळेपासून ऐकतो.

आणि ते लोक गेले कुठे? १९८०नंतर उभा राहिलेला मीरा रोडचा बराच भाग म्हणजे खाजण आणि मिठागरं. म्हणजे तीच जमीन, जिच्यात गोड्या पाण्याचा थर मुळात नव्हता किंवा होता तो नावापुरता. वर मुरूम आणि भराव, त्यावर इमारती. तिथे बोअर मारली की येतं ते मचूळ पाणी, फ्लशला चालतं. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन या पश्चिमेच्या जुन्या गावांची गोष्ट वेगळी. तिथे डोंगर आहे, झाडी आहे, विहिरी आणि गावतळी आहेत. पण शहराची भूक गावांच्या विहिरींनी भागणारी नव्हती. २००१मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११मध्ये आठ लाखांच्या वर गेली. पाणी लांबून आणावं लागलं. शहाड-टेमघर, एमआयडीसी, आणि आता सूर्या. पालघरच्या सूर्या धरणातून मीरा-भाईंदरसाठी दिवसाला २१८ दशलक्ष लिटर पाण्याची योजना आहे, वसई-विरारसाठी १८५. हे धरण सिंचनासाठी बांधलेलं. खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी पाणी शहरांकडे वळवण्याला विरोध केला, मोर्चे काढले.

वसई-विरारचा आकडा पुन्हा वाचा. जिथून एके काळी टँकर भरून बाहेर जायचे, त्या वसईलाही आता सूर्याचं पाणी हवं आहे.

अशा शहरात ‘वॉटर बॉडी’ येते. ब्रोशरमध्ये तोच शब्द असतो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या पोडियमवर, गाड्यांच्या पार्किंगच्या छतावर, टाइल लावलेला निळा उथळ हौद, मधे कारंजं, खाली दिवे. हा पुण्याच्या हौदाचा वारस. फक्त कात्रजच्या उताराच्या जागी पंप आणि विजेचं बिल आलं. उन्हाळ्यात अशा हौदातून दिवसाला साधारण अर्धा सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जातं, ते भरत राहावं लागतं. पंप सुरू असेल तोवर डास अंडी घालत नाहीत. त्यांना संथ पाणी हवं असतं. पंप बंद ठेवून वीज वाचवायची ठरली, की आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, मग फवारणीवाला येतो, मग सर्वसाधारण सभेत भांडण होतं, आणि शेवटी हौद कोरडा करून त्यात कुंड्या ठेवतात. कोरड्या वॉटर बॉडीतल्या कुंड्या हा आपल्या काळाचा एक छोटासा पुराणवस्तू-विभाग आहे.

गंमत म्हणजे त्याच इमारतीच्या कोपऱ्यात, गेटजवळ कुठेतरी, लोखंडी झाकणाखाली एक खरं बावखल असू शकतं. पावसाचं पाणी मुरवण्याचा खड्डा. गच्चीचं पाणी पाइपने त्यात येतं, विटांच्या तुकड्यांतून आणि रेतीतून खाली जातं. काम तेच आहे, आणि झाकण असल्यामुळे डासही नाहीत. तरी यातले बरेच खड्डे काही वर्षांत निकामी होतात. कारण गाळ. झाकणाखाली काय साचलं ते कुणी पाहत नाही, त्या गाळाचा कुणाला उपयोग नाही, आणि खड्डा बंद पडला तरी नळाला पाणी येतंच. बावखलाला झाकण नव्हतं आणि पोटापाण्याशी संबंध होता, म्हणून ते जगलं. नियमाने करायला लावलेला खड्डा नियमापुरता जगतो. मला यातून आरोग्य खात्याविरुद्ध निकाल द्यायचा नाही. पण झाकण ठेवलं की डासासोबत माणसाचं लक्षही बाहेर राहतं, एवढं खरं.

डासांवर झाकणाशिवाय दुसरा उपाय होता आणि आहे, तो म्हणजे मासे. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर आहे. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. त्याचा भाऊबंद गंबुशिया १९२८मध्ये इटलीमार्गे भारतात आला. दोघं अळ्या खातात, भराभर वाढतात, आणि ओढ्या-नाल्यांत सुटले की तिथल्या माशांची जागा बळकावतात. आपल्याकडे याच कामाचा देशी मासा होता. पाण्याच्या वरच्या थरात राहणारा, चपट्या तोंडाचा, डोक्यावर चमकणारा ठिपका असलेला. कोकणात काही ठिकाणी त्याला पिकू म्हणतात. त्याच्याच कुळातल्या एका माशाचा पणजीत १९९०च्या दशकात टाक्या-कारंज्यांतल्या स्टीफन्सीविरुद्ध वापर झाला आणि त्याचा गुण आला.

गेल्या काही वर्षांत वसईच्या काही गावांत तरुण मंडळींनी एकत्र येऊन बावखलं उपसली, कचरा आणि जलपर्णी काढली. हे काम फोटोत छान दिसतं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा गाळ काढावा लागतो तेव्हा किती जण येतात, त्यावर सगळं ठरतं.

तुमच्यापैकी कुणाचं घर अजून जमिनीवर असेल, उत्तन-डोंगरीत, वसईत, पालघरमध्ये किंवा आजोळी, आणि ती रील पाहून हात शिवशिवत असतील, तर प्लास्टिक मागवण्याआधी शेजारच्या विहिरीचं पाणी चाखून बघा. मचूळ असेल, किंवा जमीन भरावाची असेल, तर प्लास्टिकच बरं. मासे-कमळं ठेवा आणि हौस म्हणून सांभाळा. गोडं असेल, तर तळ मोकळा ठेवायचा विचार करा. मग पाणी मार्च-एप्रिलपर्यंत आटेल. आटू द्या, ते हरवलेलं नसतं. संडासाच्या टाकीपासून आणि शोषखड्ड्यापासून लांब खणा, कारण गळणारं तळं जे घेईल ते विहिरीला देईल. अंगणाचं साबणाचं पाणी त्यात सोडू नका. एक काठ उतरता ठेवा, बेडकाला आणि पडलेल्या मांजराला चढता येईल असा, आणि घरात लहान मूल असेल तर भोवती कुंपण घाला. मासे थोडेच सोडा. रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं, त्यामुळे गर्दीच्या तळ्यात मासे पहाटे मरतात आणि आपल्याला वाटतं पाण्यात विष आलं. नळाचं पाणी घातलंत तर आधी दिवसभर बादलीत उघडं ठेवा, क्लोरिन उडून जातो. आणि गप्पी विकत आणण्याआधी जवळच्या ओढ्यात किंवा भातखाचरात डोकावून पाहा. डोक्यावर ठिपका असलेला मासा दिसला, तर चार-सहा पुरतात. पाणी आटायला लागलं की त्यांना बादलीत काढून घ्यायचं आणि विहिरीत सोडायचं.